हळदीच्या प्रमाणपत्राची तीन वर्षे

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आमच्या एक एकर वावरात वायगाव हळद असते. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु मानांकन हे वाणाचे आणि प्रदेशाचे असते. ती कशी पिकवली, हे त्यावरून कळत नाही. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हाच रासायनिक औषध वावरात आणायचे नाही असे मी ठरवले आणि 2018 च्या मे महिन्यात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली एका प्रमाणीकरण संस्थेकडे अर्ज केला. पाच शेतकऱ्यांचा गट जमला असता तर सहभागी हमी पद्धत, म्हणजे गटातील शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून हमी देणे, स्वस्त पडली असती, पण आमच्या खरेदीदाराला माल निर्यात करायचा होता आणि त्यासाठी ती हमी चालत नव्हती. म्हणून त्रयस्थ तपासणीचाच मार्ग घ्यावा लागला.

सातबारा, आठ-अ, गट नकाशा, मागील तीन वर्षांची पिके आणि खते, माती व पाण्याचे अहवाल ही कागदपत्रे महिनाभरात जमली. खरी परीक्षा पुढे होती. हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रिय शेतीत येण्याचा काळ, पूर्ण करावा लागतो, त्यामुळे जून 2020 ची लागवडच सेंद्रिय धरली जाणार होती. तोपर्यंत खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या हळदीचा, आणि त्यात पहिल्या वर्षी उतारा घटला. ही दोन वर्षे निभावण्याची तयारी नसेल, तर अर्ज करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पश्चिमेच्या धुऱ्यापलीकडे कपाशी आहे आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. म्हणून त्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावली आणि आतील पाच मीटरच्या पट्ट्यातील हळद वेगळी खणून साधी म्हणून विकली. शेजारच्या काकांना मी हात जोडून सांगितले, "काका, फवारणीच्या आदल्या दिवशी तेवढे कळवत जा." त्यांनी तो शब्द आजवर पाळला आहे.

चूक मात्र आमच्याच घरी झाली. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत निरीक्षक बाईंनी कोठीतील फवारणी पंपाचे झाकण उघडले, वास घेतला आणि झाकण माझ्यापुढे धरले. कीटकनाशकाचा उग्र दर्प होता. काकांचा पंप बिघडला म्हणून माझ्या मुलाने आमचा दोन दिवस दिला होता आणि नोंदवहीत त्याची नोंद नव्हती. त्या पंपाने त्यानंतर आमच्या पिकावर फवारणी झाली का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. दशपर्णी अर्काची (दहा वनस्पतींच्या पाल्यापासून केलेल्या कीडनाशकाची) शेवटची फवारणी पंप देण्याच्या आठ दिवस आधी झाल्याचे वहीत तारखेसह लिहिलेले होते. त्यांनी पानांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. त्यात काही आढळले नाही. तरीही त्रुटीची लेखी नोंद झाली. नवा पंप घेणे, कोठीला कुलूप लावणे आणि अवजार बाहेर गेल्यास ते लिहून ठेवणे, या अटी मला योग्यच वाटल्या. रोजची वही नसती, तर पुन्हा दोन वर्षे मोजावी लागली असती.

काढणीनंतर आणखी एक अडचण आली. शिजवण्याचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम आम्ही भाड्याने आणतो. काही ठिकाणी पॉलिश करताना हळदीला वरून रंग लावतात आणि ड्रमच्या जाळीत ती पिवळी पूड बसून राहते. आम्ही ड्रम दोनदा धुऊन वाळवला, त्यात फिरवलेली आमचीच पहिली खेप बाजूला काढून साधी म्हणून विकली आणि धुतल्याची तारीख लिहून ठेवली. वाळलेली हळद युरियाच्या जुन्या पोत्यांत भरण्याची गावची सवयही मोडावी लागली; नवे तागाचे बारदान आणले.

2021 च्या उन्हाळ्यात खरेदीदाराकडे माल गेला, तेव्हा विकलेला माल सेंद्रिय असल्याचे, त्या खेपेपुरते व्यवहार प्रमाणपत्र निघाले. ट्रेसनेट या संगणक प्रणालीत आमच्या क्षेत्राचे अंदाजित उत्पादन आधीच नोंदलेले होते, त्यामुळे त्याहून एक किलोही जास्त विकता येत नव्हते. प्रमाणपत्राचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे वही अजून सुरूच आहे आणि पश्चिमेच्या धुऱ्यावरील पट्ट्याची हळद आजही वेगळी खणली जाते.