सबव्हर्जनमधून गिटवर जाताना

आमचा सगळा कोड बरीच वर्षं सबव्हर्जनमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत होता. रोजच्या कामात ते त्रास देत नव्हतं, पण ब्रांच (कोडची वेगळी शाखा) काढायची म्हटली की सगळे टाळाटाळ करायचे. मर्जची, म्हणजे शाखा एकत्र करण्याची, नोंद ठेवण्याची सोय सबव्हर्जनमध्ये 2008 साली 1.5 आवृत्तीत आली, तरी लांबलेली ब्रांच ट्रंकमध्ये (मुख्य कोडमध्ये) आणणं जिवावर यायचं. शेवटी बदलायचं ठरलं आणि पर्याय तपासायचं काम माझ्याकडे आलं.

गिट की मर्क्युरिअल या दोन तशाच प्रणालींपैकी कोणती, एवढाच प्रश्न होता. दोन्ही एप्रिल 2005 मधली. लिनक्स कर्नलसाठी बिटकीपर ही तशीच प्रणाली मोफत मिळणं बंद झालं, त्यातून दोन्ही जन्मली. मला मर्क्युरिअल जास्त आवडलं. त्याच्या कमांड सरळ आहेत, सबव्हर्जनवाल्या माणसाला पहिल्या दिवशीच कळतात. पण कोड ठेवायची सेवा देणाऱ्या बिटबकेटने 2020 मध्ये त्याला निरोप दिला होता, आणि नवीन येणारी मुलं गिट शिकूनच येतात. म्हणून गिट.

खरं काम त्यानंतरचं. 'गिट एसव्हीएन क्लोन' ही कमांड जुना इतिहास एकेक रिव्हिजन (नोंदवलेला बदल) करून आणते. सबव्हर्जनकडे फक्त लॉगिनचं नाव असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. त्यासाठी लेखकांची यादी द्यायची, आणि यादीत नसलेलं एखादं लॉगिन भेटलं की आयात तिथेच थांबते. त्यामुळे आधी लॉगमधून सगळी लॉगिन काढली आणि कंपनी सोडून गेलेली माणसं कोण, हे जुन्या सहकाऱ्यांना विचारून भरून घेतलं. ज्यांनी हा कोड लिहिला त्यांची नावं त्यावर राहायलाच हवीत, असं मला वाटतं.

मेटाडेटा, म्हणजे जुन्या रिव्हिजन नंबरची ओळ, काढून टाकायचा पर्यायही असतो. इतिहास दिसायला स्वच्छ होतो. मी तो मुद्दाम घेतला नाही. आमच्या जुन्या बगच्या नोंदींमध्ये जागोजागी रिव्हिजन नंबर लिहिलेले आहेत. मेटाडेटा ठेवला की प्रत्येक कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाखाली तो नंबर राहतो आणि लॉगमध्ये शोधता येतो. गिटचा चाळीस अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) बघून जुनी नोंद कुणालाच लागली नसती.

बाकी किरकोळ. टॅग (ठरावीक आवृत्तीला दिलेली नावं) ब्रांच म्हणून येतात, ते पुन्हा टॅग करावे लागतात. रिकामी फोल्डर गिट ठेवत नाही, त्यात एखादी फाइल टाकायची.

डिझाइनच्या मोठ्या फोटोशॉप फाइल मात्र वेगळ्या सबव्हर्जन रिपॉझिटरीतच (साठ्यातच) ठेवल्या. त्या मर्ज होत नाहीत, तिथे लॉकच हवं, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलायची. शिवाय डिझाइनरला लागेल तेवढंच फोल्डर चेकआउट करता (आपल्या संगणकावर उतरवता) येतं. कोडची जुनी रिपॉझिटरी आता फक्त वाचण्यापुरती आहे. तिच्या स्टार्ट-कमिट हूकमध्ये (कमिट सुरू होताच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) नवा पत्ता लिहून ठेवलाय, कुणी चुकून कमिट करायला गेलं तर तोच संदेश दिसतो.