तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात जुळलेली फाउंडेशनची शेड घरी गेल्यावर राखाडी का दिसते?

मेकअपच्या काउंटरवर काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. "दुकानात एकदम मस्त दिसत होतं हो, घरच्या आरशात बघितलं तर पीठ फासल्यासारखं! तुम्ही लोक मुद्दाम उजळ शेड देता का?"

मुद्दाम कुणी देत नाही. तरी आमचा हात त्यात अजिबात नसतो असंही म्हणवत नाही. त्याकडे येतेच, आधी बाटलीत काय असतं ते बघू.

फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार रंगद्रव्यांतून येतो: पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळं, तांबडं, काळं आयर्न ऑक्साइड. शेड जितकी उजळ तितकं पांढरं जास्त. सारवलेल्या भिंतीवर चुन्याचा एकच पातळ हात दिला की जो मळकट रंग येतो, तोच प्रकार गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर उजळ शेडचा होतो. खालचा तपकिरी रंग पांढऱ्यातून डोकावतो आणि डोळ्याला ते राखाडी दिसतं. जास्त लावून हे झाकत नाही, उलट मुखवटा चढतो.

दुसरं कारण अंडरटोनचं. त्वचा किती गडद हा एक प्रश्न, आणि तिच्यात पिवळी, तांबूस की हिरवट झाक आहे हा दुसरा. आपल्याकडे पिवळी आणि हिरवट झाक भरपूर सापडते. अशा चेहऱ्यावर गुलाबी झाकेची शेड गडदपणात बरोबर असली तरी मेलेली दिसते. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे माझा त्यावर फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा पांढरा स्वच्छ टिश्यू गळ्यापाशी धरा. पांढऱ्याच्या शेजारी त्वचेची झाक लगेच उघडी पडते.

बाटलीवरच्या अक्षरांवरही डोळे झाकून जाऊ नका. बहुतेक कंपन्यांत डब्ल्यू म्हणजे वॉर्म, म्हणजे पिवळसर, आणि सी म्हणजे कूल, गुलाबीसर. मॅक या कंपनीत नेमकं उलटं: एनसी शेड सोनेरी-पिवळ्या त्वचेसाठी, एनडब्ल्यू गुलाबी-तांबूस त्वचेसाठी. एनसी ४२ लावणारी बाई दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर "मला सी द्या" म्हणाली की घोटाळा झालाच.

आता दुकानातली चूक. नव्वद टक्के लोक टेस्टर, म्हणजे लावून बघायला ठेवलेली उघडी बाटली, हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आत लावून बघतात, असं म्हटलं तर आमच्यातलं कुणी हरकत घेणार नाही. मनगटाची आतली बाजू चेहऱ्यापेक्षा उजळ, हाताची पाठ उन्हाने काळवंडलेली. दोन्हीचा चेहऱ्याशी संबंध नाही. चेहरा तरी कुठे एका रंगाचा असतो? कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गडद, गाल उजळ. पुण्यात दुचाकीवर स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्या मुलींच्या डोळ्यांभोवती उन्हाची एक पट्टीच उमटलेली असते. म्हणून जुळवायचं ते मानेशी.

पद्धत अशी. जबड्याच्या कडेचा भाग मायसेलर वॉटरच्या (मेकअप पुसायच्या पाण्याच्या) कापसाने पुसून घ्या, आधीचा मेकअप आणि घाम निघू द्या. थोडं मॉइश्चरायझर लावून दोनेक मिनिटं थांबा. मग अंदाजे बसणारी शेड, तिच्या एक पायरी वरची आणि एक पायरी खालची अशा तीन बारीक रेघा गालाच्या खालून मानेपर्यंत ओढा. प्रत्येकी तीन सेंटिमीटर पुरे. रेघांमध्ये बोटभर अंतर ठेवा, आणि कोणती कुठली ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पाच मिनिटांनी कुणालाही आठवत नाही. बोटाने हलकं थोपटा, चोळू नका. जी रेघ मानेत विरून जाते ती तुमची. दोन शेडच्या मध्ये अडकलात तर थोडी गडद घ्या. चेहऱ्याचा मधला भाग कन्सीलरने, म्हणजे डाग झाकायच्या दाट क्रीमने, उजळता येतो, पण सगळा चेहरा राखाडी झाला की त्यावर उपाय नाही.

हे सगळं करून लगेच पैसे देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरा, परफ्यूम बघा, काय हवं ते करा. फाउंडेशन ओलं असताना एक दिसतं आणि सुकल्यावर दुसरं. त्यातला उडून जाणारा द्रव गेला की रंगद्रव्य दाट होतं, शिवाय त्वचेचं तेल त्यात मिसळतं, त्यामुळे तेलकट चेहऱ्यावर शेड जवळजवळ अर्धी पायरी गडद होते. सगळे याला "ऑक्सिडाइज झालं" म्हणतात. आयर्न ऑक्साइड हे आधीच ऑक्साइड असतं, ते आणखी काय गंजणार? खरं काम सुकण्याचं आणि तेलाचं.

मग दुकानाच्या काचेच्या दारापाशी जा. टेस्टर बाहेर नेता येत नाही, चेहरा नेता येतो. काउंटरवरचे पांढरे दिवे समोरून आणि वरून इतके पडतात की सगळाच चेहरा उजळल्यासारखा वाटतो. घरातला पिवळा दिवा उलट चूक लपवतो, आणि ती दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीत दिसते. थेट ऊन नको. सकाळी दहा ते दुपारी चारमधला, व्हरांड्यात पडतो तसा सावलीतला उजेड सगळ्यात प्रामाणिक. आरसा नाही मिळाला तर सोबतच्या माणसाला विचारा. सेल्फीवर शेड ठरवू नका, मोबाइल स्वतःच रंग सुधारतो.

टेस्टरची तपासणीही तुमचीच. महिनोन् महिने उघडी असलेली बाटली आतून सुकत जाते, रंगद्रव्य तळाशी बसतं, आणि तिचा रंग सीलबंद बाटलीपेक्षा गडद येतो. म्हणून बाटली चांगली हलवून घ्या. पंपाचा पहिला दाब टिश्यूवर टाकून द्या, कारण नळीच्या तोंडाशी अडकलेला थेंब अर्धा वाळलेला असतो आणि हमखास गडद निघतो. शेड बरोबर आली असं वाटून लोक त्याच थेंबावर बिल करतात! डबीतलं असेल तर एकदाच वापरायच्या स्पॅचुलाने (चपट्या काडीने) घ्या, बोट बुडवू नका. लिपस्टिकचा टेस्टर वरून थोडा खरवडून, टिश्यूने पुसून, वर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारल्यावरही ओठांवर नको, बोटाच्या टोकावर लावून बघा. तिथला गुलाबीपणा ओठांच्या जवळचा असतो.

आता आमचा वाटा. काउंटरवर दोन तऱ्हेची माणसं उभी असतात. दुकानाचा कर्मचारी सगळ्याच कंपन्यांचं विकतो. ब्युटी अॅडव्हायझर, ज्याला आम्ही बीए म्हणतो, तो एका कंपनीचा असतो आणि त्याचं टार्गेट त्या कंपनीच्या विक्रीवर. "तुम्ही कोणत्या ब्रँडच्या?" असं विचारलंत तर कुणाला राग येत नाही, सरळ उत्तर मिळतं. दुसरं म्हणजे साठा. कंपनी तीस-चाळीस शेड काढते, मध्यम शहरातल्या दुकानात त्यातल्या आठ-दहाच येतात. मधल्या गडद शेड थोड्या मागवल्या जातात, त्या आधी संपतात, आणि महिनाअखेरीस शेल्फवर उजळ शेड उरतात. त्यात ग्राहकही म्हणतात, "अजून एक गोरी दाखवा ना." टार्गेटचे दिवस, उजळ साठा आणि उजळ मागणी एकत्र आली की जवळची शेड पिशवीत जाते. तुमची शेड नसेल तर "कधी येणार?" विचारा आणि रिकाम्या हाताने जा. विक्रेत्याचा चेहरा पडेल, पडू द्या.

शेड बघायला येण्याचा दिवसही निवडा. हळदीच्या दुसऱ्या दिवशी नको, त्वचा पिवळी धमक असते. ब्लीच किंवा फेशियल झाल्यावर दोन दिवस नको, लाली असते. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन थापून येऊ नका, त्याचा पांढरा थर हिशोब बिघडवतो. रोज तेच लावत असाल तर मात्र तेच लावून या, कारण फाउंडेशन त्याच्यावर बसणार आहे. लग्नासाठी घेत असाल तर शेवटची पावडरही विचारा. सिलिकावाली बारीक पावडर जास्त झाली की फ्लॅशमध्ये पांढरे डाग उमटतात, आणि लोक त्याचं खापर फाउंडेशनवर फोडतात.

उघडलेली बाटली दुकान सहसा परत घेत नाही, स्वच्छतेचा प्रश्न असतो. म्हणून येताना कॉन्टॅक्ट लेन्सची स्वच्छ धुतलेली डबी आणा आणि चार-पाच थेंब मागा. चेहऱ्याला एक-दोन पंपच लागतात, तेवढ्यात एक दिवस निघतो. जास्त गर्दी नसलेल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी-बुधवारी दुपारी मागितलंत तर बहुतेक जण देतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मागितलंत तर आम्ही ऐकलंच नाही असं दाखवू.

जुनी बाटली संपली तरी टाकू नका. कंपन्या नाव तेच ठेवून आतलं मिश्रण बदलतात, त्यामुळे शेडचा नंबर एकच असूनही रंग वेगळा निघू शकतो. ती रिकामी बाटली काउंटरवर ठेवा, गळ्याला लागलेला रंग नव्या टेस्टरशेजारी टिश्यूवर ओढून बघू.