हात दाखवून अवलक्षण

काल दुपारी काम ऐन रंगात आलेलं, आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन अलगद वर सरकला. ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपला विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली आहे म्हणे. मागची येऊन अजून नीट महिनाही झाला नसेल. डाउनलोड सातशे-आठशे एमबीचं. जुना चालतोय की! मी फुलीवर क्लिक केलं आणि मग नेहमीसारखी रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची टिपणं, उघडून वाचत बसले.

हा माझा जुना नाद आहे. अपडेट करीन न करीन, नोट्स वाचणारच. अमुक गेममध्ये सावल्या लुकलुकत होत्या, त्या आता लुकलुकणार नाहीत. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर बाहेरचा मॉनिटर काळाच राहायचा, आता राहणार नाही. हे वाचून बरं वाटतं, पण खरी मजा खालच्या यादीत असते: ‘माहीत असलेल्या अडचणी’. आम्ही काय बिघडवलंय ते आधीच सांगून ठेवतो, मागाहून बोलू नका. इतका प्रांजळपणा नात्यागोत्यातही सापडत नाही.

आमच्या घरात याबाबत दोन पंथ आहेत. भाची नवा गेम यायच्या आदल्या रात्रीच ड्रायव्हर घालून तयार, आणि तिचं चूक नाही. नव्या गेमसाठीच्या दुरुस्त्या त्यातच असतात. दादा दुसऱ्या टोकाला. लॅपटॉप खोक्यातून निघाला तेव्हा जो ड्रायव्हर होता तोच आजही आहे, हे तो अभिमानाने सांगतो. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

आणि हे कोण सांगतंय, तर ज्याला लहानपणी कॉम्प्युटर फॉरमॅट मारल्याशिवाय चैन पडायचं नाही तो! विंडोज ९८ चढवून झालं की पहिला डेस्कटॉप दिसायचा तो ६४० बाय ४८०चा, सोळा रंगांचा. आयकॉन गलेलठ्ठ, फोटोतल्या आकाशावर पुरळ उठल्यासारखे ठिपके. खिडकी माउसने ओढली की मागे फरफटीच्या खुणा राहायच्या आणि सावकाश पुसल्या जायच्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह, म्हणजे ड्रायव्हर नाही. मग मदरबोर्डबरोबर आलेल्या सीडीची शोधाशोध, कारण ती जागेवर कधीच नसायची. सापडली की दादा ती शर्टाला पुसायचा, आतून बाहेर, सरळ रेषेत. गोल पुसलेली त्याला खपायची नाही. मग सेटअप, रीस्टार्ट, काळा पडदा. आम्ही दोघं श्वास रोखून. मॉनिटरच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि आकाश एकदम निळं व्हायचं. सलग निळं, एकही ठिपका नाही.

ड्रायव्हर घातला की काहीतरी दिसलं पाहिजे, ही माझी अपेक्षा तिथली. आता काय दिसतं? पट्टी भरते, स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते ती जशीच्या तशी. मी उगाच एखादं पान वरखाली सरकवून बघते. जरा गुळगुळीत वाटतंय का? वाटतंय. संध्याकाळपर्यंत वाटेनासं होतं.

बरं, दिसलं नाही तरी चालेल, पण नसतं काही व्हायला नको. मार्च २०१०मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर आला आणि ग्राफिक्स कार्डाचा पंखाच नीट फिरेना. कार्डं तापू लागली, कंपनीला तो मागे घ्यावा लागला. लॅपटॉपची तर तऱ्हाच निराळी. एकाच पेटीत बहुधा दोन चिप, एक साधी आणि एक जोरकस, आणि लॅपटॉप बनवणाऱ्याने आपल्या सोयीने फिरवलेला ड्रायव्हर. पूर्वी इंटेलचा मूळ ड्रायव्हर घालायला जावं तर हा या मशीनसाठी तपासलेला नाही म्हणून इन्स्टॉलर दारातूनच परत पाठवायचा. २०२०मध्ये इंटेलने ती अट काढली. विंडोजही हल्ली सांभाळून घेतं: ग्राफिक्स चिप दोन सेकंद गप्प राहिली की तिला हलवून पुन्हा कामाला लावतं. दोन सेकंद! आमच्याकडे हाकेला ओ यायला याहून जास्त लागतात. शिवाय जुन्या ड्रायव्हरवर परत नेणारं ‘रोल बॅक’चं बटण असतंच. ते करडं पडलेलं नसलं म्हणजे मिळवली.

तर एरवी मी दादाच्याच बाजूची. फक्त नोट्सबरोबर कधीकधी सुरक्षेची एक वेगळी सूचना असते, ती वाचताना हसू येत नाही. ड्रायव्हरचा मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात चालतो. तिथे भोक पडलं तर शिरणाऱ्याला अख्खं मशीन मोकळं. असली भोकं सापडतात आणि ती बुजवायला नवी आवृत्ती हाच उपाय असतो. तो करायला मी तरी कुरकुरत नाही.

पण ज्यांना नवी आवृत्ती येतच नाही त्यांनी काय करायचं? २०१२ सालच्या केप्लर पिढीतल्या लॅपटॉप चिपसाठी एनव्हिडियाने २०१९मध्ये नवे ड्रायव्हर थांबवले, आणि पुढे वर्षभराने सुरक्षेच्या दुरुस्त्याही. यातले लॅपटॉप काही त्या दिवशी बंद पडले नाहीत. बटण दाबलं की आजही सुरू होतात, आणि कुणीतरी त्यांच्यावर बँकेचा पासवर्ड टाइप करतं.