अपमान पंतप्रधानांचा, राग सगळ्या देशाचा

पुण्याहून फोन आला की मामा हमखास विचारतात, "अगं, ट्रम्प रोज कुणाला ना कुणाला काहीतरी बोलतातच. तुम्ही कॅनडावाले एवढं मनाला का लावून घेता?" प्रश्न रास्त आहे, पण फोनवर त्याचं उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो फ्लोरिडात मार-अ-लागोला ट्रम्प यांच्याकडे जेवायला गेले. कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लावण्याची ट्रम्प यांची धमकी नुकतीच आली होती आणि तिच्यावर काही तोडगा निघतो का ते पाहायचं होतं. जेवताना कॅनडा अमेरिकेचं ५१वं राज्य होण्याचा विषय निघाला. तिथे हजर असलेल्या आमच्या मंत्र्यांनी परत आल्यावर 'ती थट्टा होती' असं सांगून विषय मिटवला. पण १० डिसेंबरला ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर जाहीरपणे ट्रुडोंना 'गव्हर्नर' म्हटलं, म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा प्रमुख. त्यानंतर ते तसंच म्हणत राहिले.

तुम्हाला एक गोष्ट तिथून दिसली नसेल. त्या काळात ट्रुडो इथे कमालीचे नावडते झाले होते. घरभाडं, महागाई, डॉक्टरांसाठीची रांग, सगळ्याचा राग त्यांच्यावर निघत होता. माझ्या ऑफिसात त्यांची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं. नुसत्या ट्रुडोंना नावं ठेवली असती तर निम्म्या कॅनडाने माना डोलावल्या असत्या. पण त्या एका शब्दाने ते ज्या पदावर बसले होते ते पदच नाकारलं गेलं. आम्ही मत देऊन निवडलेलं सरकार म्हणजे सरकारच नव्हे, हा त्याचा अर्थ इथल्या प्रत्येकाला कळला. ट्रुडोंना शिव्या घालणारे माझे सहकारीच सगळ्यात जास्त चिडले.

फेब्रुवारीत ओटावा आणि टोरंटोच्या सामन्यांत अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू होताच प्रेक्षक हुर्यो करू लागले. एरवी इतके शिस्तीचे हे लोक, त्यांनी असं करावं याचं मला फार वाईट वाटलं, आणि राग किती खोल गेलाय तेही समजलं. २० फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये आईस हॉकीच्या अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ३-२ हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीत लोक घराबाहेर येऊन ओरडत होते. ४ मार्चला आयातशुल्क लागू झालं आणि त्याच दिवशी आमच्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारी मद्यदुकानांतून अमेरिकन बाटल्या उतरवल्या गेल्या. ही दुकानं वर्षाला जवळपास १ अब्ज डॉलरचा अमेरिकन माल विकत होती. जॅक डॅनियल्स बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने हे आयातशुल्कापेक्षाही वाईट असल्याचं सांगितलं. लोकांनी सुट्टीत अमेरिकेला जाणं सोडलं. एप्रिल २०२५ मध्ये गाडीने अमेरिकेला जाऊन परत येणाऱ्या कॅनडावासीयांची संख्या वर्षभरापूर्वीपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होती. यासाठी कोणत्याही सरकारने फर्मान काढलं नव्हतं.

तुमच्या लक्षात मालदीव असेल. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी मोदींविषयी वाईटसाईट लिहिलं आणि आपल्याकडच्या लोकांनी सहली रद्द केल्या. पण तिथल्या सरकारने त्या तिघांना लगेच निलंबित केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले. उपमंत्र्याला दूर करता येतं. बोलणाराच राष्ट्राध्यक्ष असेल, तर चूक कुणाच्या पदरात घालायची?

कॅनडालाही हा अनुभव उलट बाजूने आलेला आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये प्राग इथल्या नाटो परिषदेच्या वेळी पंतप्रधान क्रेतियाँ यांच्या माध्यमप्रमुख फ्रान्स्वाझ दुक्रो यांनी पत्रकारांशी बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना 'मूर्ख' म्हटलं. बातमी फुटली आणि त्यांना पद सोडावं लागलं. 'बुश माझे मित्र आहेत, ते अजिबात मूर्ख नाहीत,' असं स्वतः क्रेतियाँना सांगावं लागलं. पुढे खासदार कॅरोलिन पॅरिश यांनी अमेरिकनांना जाहीर शिवी दिली आणि नंतर टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात बुश यांच्या बाहुलीवर पाय दिला. २००४ मध्ये पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं. याच पॅरिशबाई २०२४ पासून आमच्या मिसिसागाच्या महापौर आहेत. त्या काळी धाकट्या शेजाऱ्याला थोरल्याचा मान राखणं भाग होतं, आणि तो राखला गेला.

खासगीत बोललं जाणं मात्र वेगळं असतं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ओव्हल ऑफिसात जस्टिनच्या वडिलांना, तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रुडोंना, छापता येणार नाही अशी शिवी दिली होती. ती ध्वनिफितीत सापडली, पण नंतर. त्या दिवसांत बाहेर कुणालाच माहीत नव्हती, म्हणून एप्रिल १९७२ मध्ये निक्सन ओटावाला आले आणि दोघांनी ग्रेट लेक्सच्या पाण्याच्या शुद्धतेचा करार केला. तो करार आजही चालू आहे. लेक ऑन्टारिओच्या काठाने फिरताना मला तो आठवतो. जी शिवी बंद खोलीत राहिली, तिने कुणाचे हात बांधले नाहीत.

हात बांधले जातात तेव्हा काय होतं ते सांगते. जानेवारी २०२५ मध्ये विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्ष पाहण्यांमध्ये २० टक्क्यांहून जास्त पुढे होता. २८ एप्रिलला निकाल लागला तेव्हा ३४३ पैकी १६९ जागा ट्रुडोंच्या जागी पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाकडे गेल्या, आणि कन्झर्व्हेटिव्ह नेते पॉलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघात पडले. कार्नींच्या प्रचारात गाजलेली घोषणा होती 'एल्बोज अप', म्हणजे 'कोपरं वर'. हॉकीत अंगावर येणाऱ्याला रोखायला कोपरं वर करतात, ती. या घोषणेवर निवडून आलेल्या माणसाला मग वाटाघाटींत काहीही सोडणं अवघड झालं. जूनमध्ये ट्रम्प यांनी बोलणी थांबवली आणि कॅनडाने तंत्रज्ञान कंपन्यांवरचा डिजिटल सेवाकर मागे घेतला. लगेच इथे ओरड झाली की कोपरं कुठे गेली. हा कर ठेवावा की काढावा यावर अर्थतज्ज्ञांनी शांतपणे वाद घालायला हवा होता. त्याऐवजी तो अब्रूचा प्रश्न होऊन बसला.

२०१८ मध्येही ट्रम्प यांनी जी-७ परिषदेनंतर ट्रुडोंना 'अप्रामाणिक आणि दुबळे' म्हटलं होतं. तरी चार महिन्यांच्या आत नवा व्यापार करार ठरला, आणि त्यात कॅनडाने आपल्या दुधाच्या बाजाराचा काही भाग अमेरिकेसाठी उघडलाही. तेव्हा टीका एका माणसावर होती, म्हणून ती गिळता आली असं मला वाटतं. या वेळी देशाच्या अस्तित्वावर बोट ठेवलं गेलं, ते कुठलाही पंतप्रधान गिळू शकत नाही.

आणि तरीही कुणाला तरी गिळावंच लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑन्टारिओ सरकारने अमेरिकन टीव्हीवर अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं १९८७ चं आयातशुल्कविरोधी भाषण वापरून जाहिरात दिली. त्यात ट्रम्प यांचा अपमान करणारा एक शब्द नव्हता. तरी ती जाहिरात त्यांना झोंबली. २३ ऑक्टोबरला त्यांनी व्यापार वाटाघाटी तोडल्या, आणि दक्षिण कोरियातल्या एका भोजनाच्या वेळी कार्नींनी त्यांची माफी मागितली. इथे अनेकांना ती लाचारी वाटली. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला धैर्याचा क्षण वाटतो. कोपरं वर करून मतं मिळाली होती, माफी मागून एकही मिळणार नव्हतं.

त्याच महिन्यात स्टेलांटिस या मोटार कंपनीने ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात व्हायची असलेली जीप कंपास इलिनॉयला हलवण्याचं जाहीर केलं. सुमारे ३,००० कामगारांचा तो कारखाना माझ्या घरापासून फार लांब नाही. त्या कामगारांत पंजाबी, गुजराती, आपले मराठीही आहेत. त्यांच्यातल्या एका काकांशी मंडळाच्या कार्यक्रमात बोलणं झालं. ट्रम्प काय म्हणाले आणि कार्नींनी काय उत्तर दिलं याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. वाटाघाटी पुन्हा कधी सुरू होतील, एवढंच ते विचारत होते.