निवडणे

‘निवडणे’ या क्रियापदाची मराठीत एक गंमत आहे. आपण अध्यक्ष निवडतो आणि तांदूळही निवडतो. पहिल्या ठिकाणी हवं ते उचलायचं असतं, दुसऱ्या ठिकाणी नको ते. कॉफीच्या बाबतीत मी बरीच वर्षं फक्त पहिल्या अर्थाने निवडत होते आणि नेमाने फसत होते.

फसवणारे माझेच डोळे. काळेभोर, तेलकट, चमकणारे दाणे दिसले की मला वाटायचं, वा, काय तुकतुकीत माल आहे! ही चकाकी कुठून येते ते नंतर कळलं. दाणा खूप वेळ भाजला की आतलं तेल पृष्ठभागावर येतं. तिथे त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. शिवाय इतकं करपवल्यावर ब्राझीलचा दाणा काय आणि केनियाचा काय, कपात चव एकच उतरते, भट्टीची. लांबून आलेल्या पाहुण्याला दारातच गप्प करावं तसं. फिकट तपकिरी, कोरडे, किंचित सुरकुतलेले दाणे मी कितीतरी वेळा ‘कच्चे राहिलेत’ म्हणून नाकारले होते, आणि त्यांच्यातच त्यांचा गाव शिल्लक होता.

मग आकार. केनियाच्या पाकिटावर ‘एए’ लिहिलेलं पाहून मी ते परीक्षेतल्या श्रेणीसारखं वाचत असे. प्रत्यक्षात ते चाळणीचं माप आहे. चाळणीच्या भोकांचे नंबर एका इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. १८ नंबर म्हणजे १८/६४ इंच, सात मिलिमीटरच्या किंचित वर. मोठा दाणा वर राहिला, तो ‘एए’. कोलंबियाचं ‘सुप्रीमो’ हे भारदस्त नावही असंच, मोठ्या दाण्याचं. चवीबद्दल चाळणीचं काहीच म्हणणं नाही. इथिओपियाचे कितीतरी उत्तम दाणे बारके असतात, एका मापाचेही नसतात, आणि दिसायला अगदीच सामान्य. फळात एरवी दोन बिया समोरासमोर बसतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट होते. कधीकधी मात्र एकच बी वाढते आणि गोल होते. तिला पीबेरी म्हणतात आणि कौतुकाने वेगळी काढून विकतात. मी दोनदा घेतली. गोल होती.

देशाच्या नावाने निवडणं हा पुढचा टप्पा, आणि यात मी बराच काळ रमले. ‘सध्या मी इथिओपिया पितेय’ असं म्हणताना आपण फार हिंडलेले आहोत असं वाटतं. पण एकदा एकाच इथिओपियाची दोन पाकिटं शेजारीशेजारी उघडली आणि माझा भूगोल कोलमडला. एक चहासारखं हलकं, लिंबाच्या फुलाचा वास असलेलं. दुसऱ्यात पिकून फुटायला आलेल्या बेरींचा दाट, जवळजवळ दारूकडे झुकणारा वास. देश एकच, पाकिटावरचा एक छोटा शब्द वेगळा. पहिल्यावर ‘वॉश्ड’, दुसऱ्यावर ‘नॅचरल’.

आता मी पाकीट हातात घेतलं की देशाच्याही आधी हा शब्द शोधते. आपण दाणा म्हणतो ती खरं तर चेरीएवढ्या लाल फळातली बी. तिच्याभोवती गोड, बुळबुळीत गर असतो. वॉश्ड पद्धतीत साल काढून बिया टाकीत आंबवतात, गर सुटला की धुऊन वाळवतात. उरतो तो बीचा स्वतःचा आवाज, स्वच्छ आणि थोडा आंबट. नॅचरलमध्ये अख्खं फळच उन्हात पसरतात. कित्येक दिवस ते बीसकट सुकत, आंबत राहतं आणि त्याची सगळी लाडीगोडी बीला लागते. मधला मार्ग म्हणजे ‘हनी’. साल काढायची, गर ठेवायचा. मधाचा यात थेंबही नसतो. हे कळल्यावर मी थोडी खट्टू झाले होते. सुमात्रात आणखी वेगळं. तिथे हवा दमट, वाळायला वेळ लागतो, म्हणून दाणा ओला असतानाच त्याचं टरफल उतरवतात. त्याला ‘गिलिंग बासाह’ म्हणतात. त्यामुळे ती कॉफी जड, मातकट, ओल्या लाकडाच्या वासाची होते. काहींना ती अजिबात चालत नाही. मला पावसाळी सकाळी तीच लागते.

पाकिटावर चवींची जी यादी असते तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. जाई, बर्गमॉट, ब्लॅककरंट! यातलं काहीही आत घातलेलं नसतं, ती फक्त आठवण असते. अमेरिकेतल्या एका कॉफी संस्थेने या शब्दांचं चक्रच १९९५ मध्ये बनवलं, २०१६ मध्ये ते नव्याने मांडलं. कामाचं आहे ते, चाखणाऱ्यांना एक भाषा मिळाली. पण जे मी जन्मात हुंगलं नाही ते मला कपात कसं सापडणार? ब्लॅककरंट वाचून मी केनियाच्या कॉफीत ते तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी शोधणं सोडलं आणि वहीत ‘टोमॅटो चिरताना येतो तो वास’ असं लिहिलं. नंतर कळलं की केनियाबद्दल हे म्हणणारी मी पहिली नव्हे. इतका आनंद मला कुठल्याही परीक्षेत झालेला नाही.

एकदा मात्र शब्द आणि कप यांची गाठ पडणार होती. पाकिटावर ‘जाई’ लिहिलेली पनामाची गेशा मी हट्टाने मागवली. ही जात १९३० च्या दशकात इथिओपियाच्या रानातून बाहेर पडली, कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रातून पनामात पोचली आणि कुणाच्या फारशी लक्षात न येता उभी राहिली. २००४ मध्ये पनामातल्याच बोकेतेच्या एका मळ्याने ती स्पर्धेत वेगळी मांडली, तेव्हा परीक्षक चकित झाले. एवढी मोठी पाहुणी घरी आलेली, तिला साध्या मंगळवारी कसं उघडायचं? चांगला दिवस येऊ दे म्हणून ठेवली. चांगला दिवस चार महिन्यांनी आला. पाकीट फोडलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड घातल्यासारखा वास. जाई केव्हाच उडून गेली होती.

तेव्हापासून भाजल्याची तारीख नसलेलं पाकीट मी परत ठेवते. फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ असेल तर तेही. पण अगदी कालचंही नको. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, पाणी पडताच तो उसळतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. आठवडा-दोन आठवडे थांबावं. पाकिटाला ती बारीक झडप असते ना, ती हा वायू बाहेर सोडण्यासाठी असते. आम्ही घरात ती दाबून वास घेतो, तो भाग निराळा.

उत्तम कॉफीसाठी वापरतात तो ‘स्पेशालिटी’ हा शब्द अर्ना नूटसेन या व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये रूढ केला. पुढे त्याला गुण चिकटले. १०० पैकी ८० किंवा जास्त मिळाले तर कॉफी स्पेशालिटी. चाखायची रीत ठरलेली: १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड, आणि मग चमच्याने मोठ्ठा भुरका. एरवी ज्यासाठी डोळे वटारले जातात ते इथे कामाचा भाग. पण मला त्याआधीची पायरी जास्त आवडते. ३५० ग्रॅम कच्चे दाणे टेबलावर पसरून एकेक तपासतात. पूर्ण काळा पडलेला, आंबलेला असा मोठा दोष एकही चालत नाही, किरकोळ दोष पाचापर्यंतच चालतात. म्हणजे इथेही आधी बघतात ते काय नाही ते. तांदूळच निवडणं हे.

आणि हे निवडणं मळ्यापासून चाललेलं असतं. पिकलेलीच फळं हाताने तोडायची. पाण्यात टाकून तरंगणारी काढायची. केनियात, इथिओपियात उंच जाळीच्या बाकांवर बिया पसरतात आणि बायका वाकून तासन्‌तास त्यातल्या खराब बाजूला करतात. एवढ्या हातांतून गेल्यावर मी निवडायला बसणार!

तरी काहीतरी उरतंच. काल सकाळी रवांडाचे १८ ग्रॅम दाणे पांढऱ्या बशीत ओतले. सगळे दालचिनीच्या रंगाचे, तीन मात्र पिवळट. यांना क्वेकर म्हणतात. फळ कच्चंच तोडलं की बीत साखर पुरेशी भरत नाही, मग भट्टीत रंग धरत नाही. कच्च्या मालात ते डोळ्यांना ओळखू येत नाहीत, भाजल्यावर उघडे पडतात. एक चावून पाहिला. शेंगदाण्याचं टरफल. इथे माझ्या डोळ्यांना शेवटी काम मिळालं म्हणून मी खूश होते, तेवढ्यात दळलं आणि पुडीतून नुकत्या सोललेल्या कच्च्या बटाट्याचा भपकारा आला.

रवांडा-बुरुंडीच्या कॉफीत हे होतं. ढेकणासारखा अँटेस्टिया नावाचा एक किडा फळाला लागतो, त्यातून हा वास येतो. अठरा ग्रॅममध्ये असा एक दाणा पुरतो आणि तो दिसायला अगदी बाकीच्यांसारखा. पाकीट टाकायचं कारण नसतं. मी पूड टाकली, चक्की पुसली, पुन्हा १८ ग्रॅम मोजले, दोन पिवळट वेचले, दळलं आणि नाक आत घातलं. संत्र्याची साल.