डावा डोळा, उजवा डोळा

शाळेत चित्रकला शिकवणं वेगळं आणि रविवारी सिरपूर तलावाच्या काठावर मोठ्या माणसांना शिकवणं वेगळं. गटात निवृत्त बँकवाले काका आहेत, गृहिणी आहेत, कॉलेजची पोरं आहेत. सगळ्यांचं दुखणं मात्र एकच: पाणी म्हटलं की हात निळ्या ट्यूबकडे जातो. देवळालीकर मास्तरांनी चित्रकार बेंद्रे घडवले त्या इंदूरमध्ये ही अवस्था!

त्या दिवशी हवेत इतकं दंव होतं की पातळ रंगाचा एक हात, म्हणजे वॉश, दिला की कागद वाळेपर्यंत नुसतं बसायचं. तेवढ्यात पोह्यांचे डबे उघडून रिकामेही झाले.

बँकवाल्या काकांनी काठावरची बेशरमची झुडपं चित्रातून काढूनच टाकली होती. चिखलही नाही. “घाण कशाला दाखवायची?” मी म्हटलं, काका, होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला तो पाणथळ म्हणून. पाणथळीचा जीव उथळ काठात, गाळात असतो, पक्षी तिथेच चरतात. काठ काढलात तर उरला तो स्विमिंग पूल. काका हसले, पण झुडपं काही आली नाहीत.

पलीकडे सत्तरीच्या एक काकू फोल्डिंग स्टुलावर बसून शांतपणे रंगवत होत्या. त्यांच्या कागदावर अर्धं पाणी करडं-निळसर आणि अर्धं चक्क चहाच्या रंगाचं. मला वाटलं, झाडांची सावली असेल.

“सावली कुठली! अगं, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डावा व्हायचाय. उजव्यानं बघते तर पाणी असं, डाव्यानं बघते तर तसं. खरं कुठलं ते तू सांग.”

मी काय सांगणार? पण डोक्यात किडा वळवळायला लागला. मोतीबिंदूमुळे डाव्या डोळ्याला सगळंच पिवळट दिसत असेल, तर पॅलेटमधला रंगही पिवळटच दिसणार. मग दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या, चित्रात फरक यायचं कारण काय? मी काकूंना उजवा डोळा झाकायला लावला. एका रद्दी कागदावर समोरचं पाणी जुळवा म्हटलं. अल्ट्रामरीन निळ्यात जरासं तपकिरी बर्न्ट सिएना घालून त्यांनी जो करडा ठिपका दिला, तो जवळपास माझ्यासारखाच निघाला.

मग त्या चित्र कसं काढतात ते नीट पाहिलं. तलाव डाव्या डोळ्यानं बघायच्या आणि रंग कालवताना नकळत तो डोळा मिटून उजव्यानं कागदाकडे वळायच्या! चहाचा रंग आला तो असा. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात असलं काही पाहिलं नव्हतं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं. त्याआधीच्या काही चित्रांत त्याच्या कमळतळ्यावरचा पूल तांबड्या-तपकिरी रंगांत बुडालेला आहे. काकूंना मोबाइलवर दाखवला. “ह्यालाही चहाच दिसत होता,” एवढंच म्हणून त्यांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुचकळला.

बँकवाले काका मागे उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी दोन्ही डोळे आळीपाळीनं झाकून पाहिले, काहीच फरक दिसला नाही म्हणून थोडे खट्टू झाले आणि जागेवर जाऊन एक बेशरमचं झुडूप काढलं.

काकूंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे. त्याआधी त्यांना चहावाला अर्धा भाग पुरा करायचाय, त्यामुळे पुढच्या रविवारीही सिरपूरच.