पोपटी ओळ, पिवळी ओळ

आमच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकसंग्रहाची फेरमांडणी माझ्याकडे आली. एका पेटीत दोन ओळी होत्या. वरची लहान, पोपटी पतंगांची. चिठ्ठीवर जातीचं नाव, ‘ट्रबाला विष्णू’. खालची चांगल्या मोठ्या, पिवळसर, पुढच्या पंखावर तपकिरी डाग असलेल्या पतंगांची. चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

पतंगांत नर-मादी ओळखायची नेहमीची खूण म्हणजे मागच्या पंखाच्या मुळाशी असणारा राठ केस. नरात तो एकच आणि जाड, मादीत बहुधा दोन-तीन बारीक. पण हे पतंग ज्या कुळातले, त्या लॅसिओकँपिडी कुळात हा केसच नसतो! मग भिंगाखाली मिशा पाहिल्या. पोपटी ओळीत सगळ्यांच्या पिसासारख्या रुंद, पिवळ्या ओळीत सगळ्यांच्या अरुंद, आणि पोटं जाड. म्हणजे रुंद मिशांची पोपटी ओळ निव्वळ नरांची, पिवळी निव्वळ माद्यांची. जाती दोन असत्या, तर हिरव्या माद्या आणि पिवळे नर गेले कुठे?

योगायोगाने आवारातल्या जांभळावर ट्रबाला विष्णूच्या केसाळ अळ्या सापडल्या. त्या पाळल्या. (हातमोजे घालूनच, केस टोचले की खाज काही केल्या जात नाही.) पहिल्यांदा पिवळी मादी निघाली, तेव्हा तिचा जाळीचा पिंजरा रात्रभर व्हरांड्यात ठेवला. ती पोटाचं टोक वर करून गंध सोडत होती. रात्री उशिरा जाळीवर पोपटी पतंग फडफडू लागले. एकाला आत सोडला, जोडी जमली.

पुढच्या सकाळी प्रयोगशाळेतले मामा हाक मारत आले, “मॅडम, पिंजऱ्यात अळी राहिलीय, पण हलतच नाही!” ती अळी नव्हती. मादीने दोन समांतर रांगांत अंडी घालून वरून स्वतःच्या पोटाचे केस चिकटवले होते. इतकं हुबेहूब सोंग, की मामांना दोष देता येत नाही.

नुसत्या जोडीवर मी चिठ्ठी बदलली नसती. जवळच्या जातीच्या गंधालाही नर कधीकधी भुलतात. त्या अंड्यांतून वाढवलेल्या पिढीत पोपटी नर आणि पिवळ्या माद्या दोन्ही निघाल्या, तेव्हा ओळी एकत्र केल्या.

आता शेजारच्या पेटीत स्पिरामा या दुसऱ्या पतंगाचे गडद नर आणि फिक्या, ठळक पट्ट्यांच्या माद्या वेगवेगळ्या टाचल्यात. तिथे निदान तो केस तरी आहे.